मुखडा सुचला, आता गाणं पूर्ण कसं करायचं?

गाणी लिहिणाऱ्या बहुतेकांच्या वहीत आणि फोनमध्ये एकाच तऱ्हेचा साठा सापडतो: दोन ओळींचे मुखडे, गुणगुणून ठेवलेल्या चाली, एखादा अंतरा आणि त्याखाली कोरी जागा. सुचत सगळ्यांनाच असतं. अडतं ते पुढे, आणि माझं ठाम मत आहे की बहुतेक गाणी दुसऱ्या अंतऱ्यापाशी अडतात. पहिल्या अंतऱ्यात सांगण्यासारखं सगळं सांगून झालेलं असतं. दुसऱ्यात तेच नव्या शब्दांत येऊ लागतं, लिहिणाऱ्यालाच ते पटत नाही आणि वही मिटते. दोष प्रतिभेचा नसतो. काही गोष्टी आधी ठरवायच्या राहून गेलेल्या असतात. त्या कोणत्या आणि कधी ठरवायच्या, हे एक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लिहीत पाहू.

विषय म्हणजे कल्पना नव्हे

‘पाऊस’, ‘आई’, ‘गाव’, ‘विरह’ हे विषय आहेत. विषयावर गाणं लिहायला बसलं की आधी ऐकलेल्या गाण्यांचे शब्द हाताशी येतात, कारण विषय सगळ्यांचाच असतो. कल्पनेत मात्र माणूस असतो, प्रसंग असतो आणि काहीतरी अडलेलं असतं. ‘गावाकडचं घर’ हा विषय झाला. ‘आई गेल्यावर कोकणातल्या घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवणारी बहीण’ ही कल्पना झाली. हीच आपण या लेखासाठी घेऊ.

कल्पना टिपताना तीन प्रश्नांची उत्तरं तिच्यासोबत लिहा: कोण बोलतंय, कोणाशी, आणि आत्ताच का? इथे मोठी बहीण बोलते, परगावी स्थायिक झालेल्या धाकट्या भावाशी, घराला नुकतंच कुलूप लावून झाल्यावर. ‘कोणाशी’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा सुटतो आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. ऐकणारा ठरला की ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरतं, कोणती गोष्ट उलगडून सांगायची आणि कोणती नुसती सुचवायची हे ठरतं. भावाला घर माहीत आहे. त्यामुळे बहीण त्याला घराचं वर्णन करत बसणार नाही, ती फक्त बदललेल्या गोष्टी सांगेल. गाण्याची अर्धी काटछाट इथेच होऊन जाते.

यानंतर एक वाक्य साध्या गद्यात लिहून काढा. गाणं काय म्हणतंय ते या वाक्यात आलं पाहिजे. आपलं वाक्य असं: ‘घर बंद केलं, पण तुझ्यासाठी उघडं ठेवलं आहे.’ हे वाक्य गाण्यात येणार नाही. ते वहीच्या डोक्यावर राहील, आणि पुढची प्रत्येक ओळ त्याच्याजवळ नेऊन तपासता येईल.

टिपणाच्या सवयीबद्दल एवढंच की चाल सुचली तर ती लगेच फोनवर गाऊन ठेवा आणि रेकॉर्डिंगला ओळखता येईल असं नाव द्या: पहिले दोन शब्द, ताल, सूर. ‘नवीन रेकॉर्डिंग’ नावाच्या फाइली पुन्हा कोणी उघडून ऐकत नाही.

माप ठरवा

मराठी गीतकाराला मापांचा मोठा वारसा मिळाला आहे. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. साकीची ओळ १६ आणि १२ अशा २८ मात्रांची, दिंडीची ९ आणि १० अशा १९ मात्रांची. जात्यावरच्या ओवीचा साचा तर इतका अंगवळणी पडलेला असे की दळता दळता बायका त्यात नवी ओवी रचत. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं या अभ्यासकांच्या पुढाकाराने अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. माप आधीच ठरलेलं असलं की मन मजकुराकडे मोकळं राहतं.

मात्रा मोजायला सोप्या आहेत. ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. जोडाक्षराआधीच्या ह्रस्व अक्षरावर आघात येत असेल तर त्याच्याही दोन: ‘किल्ली’तल्या ‘कि’च्या दोन, म्हणून ‘किल्ली’ चार मात्रांची. ‘अपुल्या’त मात्र ‘पु’वर आघात येत नाही, तिथे एकच. कान हाच निवाडा करतो, म्हणून नेहमी मोठ्याने म्हणून मोजा.

केरवा या तालाचं आवर्तन, म्हणजे त्याची एक पूर्ण फेरी, आठ मात्रांचं. चार आवर्तनांत एक पूर्ण ओळ बसवायची आणि शेवटच्या आवर्तनात दोन मात्रा श्वासासाठी मोकळ्या सोडायच्या, म्हणजे ८ + ८ + ८ + ६. दादऱ्याला सहा मात्रा असतात, त्याचा हेलकावा वेगळा, आणि थट्टेच्या किंवा झुलत्या गाण्याला तो शोभतो. आपलं गाणं बोलण्याच्या लयीतलं आहे, म्हणून केरवा. मुखड्याची पहिली ओळ अशी येते:

शेजारी मी ठेवुन आले किल्ली अपुल्या दाराची

‘ठेवून’ गाताना ‘ठेवुन’ होतं, म्हणून तसंच लिहिलं आहे. ही सवलत मराठी कवितेत जुनी आहे आणि गीतकाराने ती निःसंकोच घ्यावी. आता ताल धरून ओळ म्हणा. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे पडते? ‘शे’वर, ‘ठे’वर, ‘कि’वर आणि ‘दा’वर. शेजारी, ठेवणं, किल्ली, दार: गोष्टीतले चारही महत्त्वाचे शब्द समेवर आले. हीच ओळ ‘मी शेजारी ठेवुन आले’ अशी फिरवली तर मात्रा तेवढ्याच राहतात, पण पहिला जोर ‘मी’वर जातो आणि गाणं बहिणीच्या कौतुकाचं वाटू लागतं. शब्दांचा क्रम बदलताना मात्रांइतकंच समेकडे लक्ष ठेवा.

मुखडा: यमक आणि चित्र एकत्र शोधा

दुसरी ओळ पहिल्या फटक्यात बहुधा अशी येईल:

येशिल तेव्हा मागुन घे तू, वेळ असो मग रात्रीची

माप बरोबर आहे, अर्थ बरोबर आहे, तरी ओळ सैल वाटते. ‘दाराची’ आणि ‘रात्रीची’ यांत जुळतो तो फक्त शेवटचा ‘ची’, आणि षष्ठीचा प्रत्यय तर कोणत्याही नामाला लागतो. मराठीत प्रत्ययांमुळे असं यमक फुकट मिळतं आणि त्याचा मोह आवरावा लागतो. प्रत्ययाच्या आधीचं अक्षर, जमल्यास त्याचाही आधीचा स्वर, जुळायला हवा. कागदाच्या कडेला सगळे शब्द मांडा: हाराची, पाराची, बाराची, भाराची, चाराची. यमकाचे शब्द शोधताना अर्थाकडे दुर्लक्ष करा, आधी यादी भरू द्या. मग प्रत्येक शब्दाला विचारा, तू या गोष्टीत कुठे आहेस?

येशिल तेव्हा मागुन घे तू, गाडी असु दे चाराची

पहाटे चारला पोचणारी गाडी. यमक भरलं, आणि ‘रात्र’ या मोघम शब्दाच्या जागी एक खरी गोष्ट आली. भाऊ किती लांबून येणार, शेजारी किती हक्काचे आहेत की त्या वेळीही उठवावं, हे न सांगता कळतं. यमकाच्या शोधात चांगलं चित्र हाती लागण्याचा हा अनुभव विलक्षण आनंदाचा असतो. तो मिळेपर्यंत मुखडा पक्का करू नका. उरलेले शब्द, विशेषतः ‘हाराची’, खोडू नका. अंतऱ्याला लागतील.

अंतरे लिहिण्याआधी कामं वाटून घ्या

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. अंतऱ्याचा एकही शब्द लिहिण्याआधी प्रत्येक अंतऱ्याचं काम एका ओळीत लिहायचं. काम म्हणजे ‘या अंतऱ्यात काय बदलतं’. आपल्या गाण्यासाठी:

पहिला अंतरा: घर बंद करताना तिने काय काय केलं.
दुसरा अंतरा: ?

दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह राहिलं तर पुढे जाऊ नका. अशा वेळी पेन हातात असलं की मन वर्णनाकडे वळतं, आणि अशी ओळ येते: ‘विहिरीवरती रहाट आहे, परसामध्ये फणस उभा’. माप चोख, चित्र गोड, आणि गाणं जागेवर उभं. पहिल्या अंतऱ्यात ओटी आणि तुळस, दुसऱ्यात विहीर आणि फणस, तिसऱ्यात बहुधा आंबा. यादी वाढते, गोष्ट वाढत नाही.

दुसऱ्या अंतऱ्याला नवं काम मिळवून देण्याचे काही खात्रीचे मार्ग आहेत. काळ बदला: पहिल्यात आज, दुसऱ्यात दहा वर्षांपूर्वीचा एक दिवस किंवा उद्या. अंतर बदला: पहिल्यात अख्खं घर, दुसऱ्यात एकच वस्तू. सर्वांत बळकट मार्ग म्हणजे समोरच्याला बोलू देणं. आतापर्यंत गप्प असलेला भाऊ काय म्हणाला? त्याचं म्हणणं बहिणीच्या मनाविरुद्ध असेल तर गाण्यात लगेच ताण येतो. तो म्हणाला, घर विकून टाकू. आता दुसऱ्या अंतऱ्याला काम मिळालं, आणि मुखडा तिसऱ्यांदा येईल तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असेल. पहिल्यांदा ती किल्ली कुठे आहे ते सांगते. शेवटी तेच शब्द भावाला अडवतात. मुखडा न बदलता त्याचा अर्थ बदलतो आहे का, ही माझ्या लेखी पूर्ण गाण्याची सर्वांत चांगली परीक्षा आहे.

पहिला अंतरा:

ओटीवरच्या झोपाळ्याची एक कडी मी सोडवली
तुळशीपाशी पणती नाही, पण मी माती ओलवली
फोटोवरती वाळुन गेली एक पाकळी हाराची

तिसरी ओळ ‘हाराची’वर संपून मुखड्याच्या यमकाशी जुळते. अशी ओळ असली की गायक सहज ध्रुवपदावर, म्हणजे मुखड्यावर, उतरतो. शिवाय या ओळीत आई गेल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. हार घातलेला फोटो पुरेसा आहे. ‘दुःख’, ‘आठवण’, ‘मन’, ‘अश्रू’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तर येऊ द्या, पण नंतर प्रत्येकाच्या जागी एखादी वस्तू किंवा हालचाल ठेवता येते का ते पाहा.

दुसरा अंतरा:

विकून टाकू म्हणालास तू, सहज तुझा तो स्वर होता
उत्तर द्याया जमले नाही, हात कडीच्या वर होता
सांग, कुणाला विकायची रे कुरकुर अपुल्या दाराची

हे दोन अंतरे एकाच चालीत गायचे आहेत, म्हणून मात्रांखेरीज थांबेही जुळायला हवेत. ‘पणती नाही’ नंतर स्वल्पविराम आहे, ‘जमले नाही’ नंतरही त्याच जागी आहे. मात्रा जुळूनही थांबे न जुळल्यास गायकाला शब्द तोडून श्वास घ्यावा लागतो. आणखी एक बारीक जागा: ‘विकून’चा ‘वि’ ह्रस्व आहे आणि तो थेट समेवर येतो. ह्रस्व अक्षरावर जोर टिकत नाही. गाताना समेवर क्षणभर थांबून शब्द उचलला की हे सावरतं.

तिसरा अंतरा लिहायचा का? त्याला काम असेल तरच. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटंच मावत, आणि आपलं भावगीत त्या मर्यादेत वाढलं. दोन-तीन अंतऱ्यांचा आटोपशीरपणा कानाला तेव्हापासून सवयीचा आहे. या गाण्यात भावाला प्रश्न विचारून झाला आहे. त्याचं उत्तर गाण्यात द्यायची गरज मला वाटत नाही.

चाल: बोलण्यातून काढा

शब्द आधी असतील तर मुखडा गाण्याआधी अनेकदा नुसता बोला, अगदी फोनवर भावाशी बोलल्यासारखा. आवाज कुठे वर जातो, कुठे खाली बसतो, त्याच्या खुणा करा. ‘सांग, कुणाला’ म्हणताना आवाज ‘कुणाला’वर चढतो. चालीने तो खाली ओढला तर प्रश्न विझतो. मुखडा मध्य सप्तकाच्या खालच्या भागात, अंतरा वर चढत तार षड्जाकडे (वरच्या सप्तकाच्या ‘सा’कडे), ही आपल्या बंदिशींपासून चालत आलेली रचना इथे छान लागू पडते: तिसऱ्या ओळीची सुरुवात सर्वांत वर ठेवली तर पहिल्या अंतऱ्यात ‘फोटोवरती’ आणि दुसऱ्यात ‘सांग, कुणाला’ त्या उंचीवर येतात, आणि दोन्ही जागा तिथेच हव्या आहेत.

लांबवायचा सूर मोकळ्या स्वरावर ठेवा. ‘दाराची’ शब्दात दोनदा ‘आ’ आहे, म्हणून ‘रा’वर लांबवा. ‘ची’वर लांबवलं तर आवाज बारीक होतो. सूर कोणता घ्यायचा हे गाण्यातल्या सर्वांत वरच्या जागेवरून ठरवा. मुखडा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) आरामात गाता आला तरी तिसरी ओळ ताणली जात असेल तर सूर उतरवा.

चाल आधी सुचली असेल तर तिच्यावर घाईने खरे शब्द बसवू नका. आधी लांब-आखूड अक्षरांचा नकाशा काढा. आपल्या मुखड्याचा असा होतो: ला ला ला ला, ला ल ल ला ला, ला ला ल ल ला, ला ला ला. मग त्याच मापाचे कसलेही डमी बोल भरा. डमीत चुकून आलेला एखादा शब्द इतका चपखल बसतो की तोच गाण्याची दिशा ठरवतो. तेव्हा तो राहू द्या, पण ‘कोण, कोणाशी, आत्ताच का’ हे प्रश्न मग त्या शब्दालाही विचारा.

अडलं तर नेमकं काय अडलंय ते ओळखा

‘सुचत नाही’ म्हणून वाट पाहण्याने फारसं काही होत नाही. अडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला वेगळा इलाज लागतो. ओळ सुचते पण मापात बसत नाही, तर ओळीतला आशय जास्त आहे, दोन ओळी करा. ओळ मापात बसते पण निर्जीव वाटते, तर तिच्यात नाम नाही किंवा क्रियापद मोघम आहे. ‘असते’, ‘होते’, ‘वाटते’ यांच्या जागी हाताने करायची एखादी क्रिया घाला, जसं ‘सोडवली’, ‘ओलवली’. यमकच मिळत नसेल तर अडचण बहुधा आधीच्या ओळीत असते. तिचा शेवटचा शब्द बदला, नवीन ओळीशी झगडू नका. आणि सगळं ठीक असून मन उठलं असेल, तर वहीच्या डोक्यावरचं ते गद्य वाक्य वाचा. ते वाक्यच आता खरं वाटत नसेल, तर नवं वाक्य लिहून उरलेल्या ओळी त्याला जोडता येतात का ते पाहा.

जुन्या अर्धवट साठ्यालाही हेच लावा. निवांत वेळ काढून सगळे मुखडे ओळीने ऐका आणि प्रत्येकाखाली ते गद्य वाक्य लिहायचा प्रयत्न करा. वाक्य लिहिता आलं, ते हातात घ्या. नाही आलं, ते सुट्या ओळींच्या वहीत. एकाच मापाचे दोन अनाथ मुखडे कधी कधी एकाच गाण्याचा मुखडा आणि अंतरा निघतात. हातात एका वेळी दोनच गाणी ठेवा. एक लिहिताना थकलात तर दुसऱ्याकडे वळता येतं, आणि दोन्ही डोक्यात राहतात.

तारीख हवीच

१९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, आणि ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी आठवड्याला एक या गतीने सुमारे वर्षभरात ५६ गाणी श्रोत्यांसमोर आणली. त्या दोघांची प्रतिभा बाजूला ठेवली तरी त्या रचनेतून आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे: प्रसंग ठरलेला, बोलणारं पात्र ठरलेलं, प्रसारणाचा दिवस ठरलेला. गाणं ‘जमलं की’ द्यायचं नव्हतं, त्या दिवशी द्यायचं होतं.

आपल्याकडे आकाशवाणीची वेळ नसते, म्हणून ती उभी करावी लागते. एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला ठरलेल्या वारी गाणं ऐकवायचं कबूल करा. पूर्ण गाणं, फक्त तोंडी किंवा पेटीवर, पण मुखड्यापासून शेवटच्या मुखड्यापर्यंत. न जमलेल्या ओळीच्या जागी साधी गद्य ओळ म्हणा आणि पुढे जा. अखंड गाऊन झालेलं कच्चं गाणं सुधारता येतं. अर्ध्यावर थांबलेल्या सुंदर गाण्याचा तोल कुठे बिघडतो ते दिसतच नाही.

ऐकवताना आधी काहीही समजावून सांगू नका आणि कागद हातात देऊ नका. ऐकून झाल्यावर ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, त्याला ‘छान’ हेच उत्तर येतं. विचारा: कोण कोणाशी बोलत होतं? कोणती ओळ लक्षात राहिली? कुठे लक्ष दुसरीकडे गेलं? आपल्या गाण्यात ‘बहीण भावाशी’ हे न सांगता कळलं नाही, तर उत्तर कार्यक्रमातल्या निवेदनात शोधायचं नाही. एखादी ओळ बदलायची. ‘उत्तर द्याया’च्या जागी ‘ताईला मग’ घातलं तर मात्रा आठच राहतात आणि नातं स्पष्ट होतं: ‘ताईला मग जमले नाही’. पण मग काय जमलं नाही, हे धूसर होतं. अशा देवाणघेवाणी शेवटच्या टप्प्यात सतत कराव्या लागतात, आणि त्या ऐकणाऱ्याच्या उत्तरावरून कराव्यात.

दुरुस्त्यांसाठी आठवडाभर गाणं बाजूला ठेवा, मग ठराविक क्रमाने फिरा: आधी अर्थ, मग सम आणि थांबे, मग यमक, सर्वांत शेवटी एकेक शब्द. शब्दांपासून सुरुवात केली तर पुढे आख्खी ओळच कापावी लागते तेव्हा ती श्रमाच्या मायेने कापवत नाही. नवी ओळ जुनीपेक्षा चांगली न राहता नुसती वेगळी वाटू लागली की दुरुस्ती थांबवा.

पक्की प्रत आणि हक्क

पूर्ण झालेल्या गाण्याची एक पक्की प्रत करा: शब्द, ताल, सूर, लय, मुखडा कुठे किती वेळा घ्यायचा, मधले म्युझिक पीस किती आवर्तनांचे. सोबत तानपुरा आणि तबल्याच्या ॲपवर गायलेलं साधं रेकॉर्डिंग. संगीत संयोजकाकडे जाताना एवढं असलं की तुमचं गाणं तुमच्या मापात राहतं.

शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल तर कोणाचा वाटा किती, हे रेकॉर्डिंगच्या आधी लिहून दोघांनी सही करा, मैत्री कितीही जुनी असली तरी. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल या दोन स्वतंत्र कृती आहेत आणि त्यांचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण तारखेचा पुरावा हाताशी असावा. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीने अधिक सुरक्षित केला आहे. त्यामुळे एकरकमी मानधनाच्या करारावर सही करण्याआधी रॉयल्टीचं कलम शोधून वाचा, आणि गाणी प्रसारित होऊ लागली की गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घेऊन प्रत्येक गाणं तिथे आपल्या नावावर नोंदवा.